तिन्ही कार्यक्रमांना एकच खुर्ची? यंदा नको!

आमच्या कला केंद्राचं नव्या हंगामाचं पत्रक आलं की हल्ली मी कार्यक्रमांच्या आधी आसनांचा नकाशा उघडते. गेल्या वर्षी पोळलेय ना! नृत्य (म्हणजे बॅले), सिनेमा आणि ऑपेरा (म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक) अशा तिन्हींचं एकत्र पॅकेज घेतलं. सवलत मिळाली, पण खुर्ची तिन्हींना तीच: तळमजला, तिसरी रांग, डावीकडे टोकाला. ताई तर खूश होती, "एवढ्या पुढे बसायला मिळतंय!" बॅलेचा पहिला अंक संपेपर्यंत तिचा उत्साह मावळला. रंगमंचाची कड मध्ये येत होती, त्यामुळे ज्यांचं कौतुक ऐकून गेलो ती पावलंच दिसेनात. बुटांची टकटक मात्र अगदी स्पष्ट ऐकू आली.

यंदा बॅलेत 'स्वान लेक' आहे. पहिला प्रयोग १८७७ चा, मॉस्कोतला. पण आज बहुतेक ठिकाणी बघायला मिळतं त्याचा पाया पेतिपा आणि इव्हानोव या नृत्यदिग्दर्शकांनी १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलेला प्रयोग. हंसांचे दोन्ही अंक, दुसरा आणि चौथा, इव्हानोवचे. त्यांतल्या रांगा, तिरप्या रेषा, उघडत-मिटत जाणारी वर्तुळं रांगोळीसारखी वरूनच बघायची असतात. तिसऱ्या अंकातल्या एका पायावरच्या ३२ गिरक्या कुठूनही दिसतील, त्यासाठी पुढच्या रांगेचे जास्तीचे पैसे मोजू नका. बाल्कनीची पहिली रांग घ्या, फक्त कठडा डोळ्यांसमोर येत नाही ना ते आधी विचारा.

सिनेमात 'मेट्रोपोलिस' हा १९२७ चा जर्मन मूकपट, प्रत्यक्ष वाद्यवृंदासह. हंगामात मला सगळ्यात जास्त ओढ याची आहे. प्रदर्शनानंतर त्याची बरीच कापाकापी झाली आणि हरवलेले भाग २००८ मध्ये थेट ब्युनोस आयर्सला सापडले. कुठला तुकडा कुठे बसतो हे ठरवताना संगीतकार हुपर्ट्झच्या मूळ संगीताच्या स्वरलिपीचा आधार झाला, कारण तिच्यात प्रसंगांच्या नोंदी होत्या. म्हणजे इथे संगीत पार्श्वभूमीला नाहीच, त्यानेच सिनेमा परत जोडून दिला! जागा मधोमध, थोडी मागची घ्या. गेल्या वेळी वादकांच्या स्टँडवरचे छोटे दिवे सबंध वेळ माझ्या डोळ्यांत जात होते. तक्रार केली, तर "पुढच्या वेळी बघू" एवढंच उत्तर मिळालं.

आणि ऑपेरा, 'ला त्राव्हियाता'. इथे गायकांना माइक नसतो. तरी आवाज वाद्यवृंदाला भेदून पोचतो, कारण कसलेल्या ऑपेरा गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकांच्या, आवाजाला साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार असते आणि वाद्यांचा मुख्य जोर त्याच्या बराच खाली असतो. पण तुम्ही रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्याला खेटूनच बसलात, तर पितळी वाद्यं त्या धारेलाही जुमानत नाहीत. शिवाय संवादांचं भाषांतर रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर उमटतं (ही सोय टोरांटोच्या ऑपेरा कंपनीने १९८३ मध्ये पहिल्यांदा केली, त्यांचे आभारच). तिसऱ्या रांगेतून ते वाचायचं म्हणजे मान वर, नट खाली! दोन दिवस मान धरली होती माझी.

एकच अडचण आहे. शेवटच्या अंकात आजारी नायिका व्हिओलेता पत्र वाचते, ते गात नाही, बोलते, मागे व्हायोलिन हळुवार वाजत असतं. तेवढ्या क्षणासाठी मला तिचा चेहरा जवळून हवा.

पॅकेजमध्ये कार्यक्रमागणिक खुर्ची बदलायची सोय यंदाही नाही. मग सवलतीवर पाणी सोडलं आणि तिकिटं सुटी काढली. बॅलेला बाल्कनी, सिनेमाला मधोमध. ऑपेराला मी वर, आणि ताई त्या पत्रासाठी हट्टाने खाली, पाचव्या रांगेत. मध्यंतरात जिन्यापाशी भेटायचं ठरलंय.