गारगोट्या घासायचं मशीन: आठ महिने वापरल्यावर

साताऱ्यात राहून दगड घासायला साडेनऊ हजारांचं मशीन मागवल्यावर घरात काय काय ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही. मशीन अगदी साधं आहे. मोटर, पट्टा, दोन फिरते रूळ आणि त्यांवर आडवा ठेवायचा दीड किलोचा रबरी डबा. डब्यात दगड, पाणी आणि कार्बोरंडम (दगड झिजवणारी कडक पावडर) घालायची आणि फिरवत ठेवायचं, रात्रंदिवस.

पहिला घाणा पूर्ण वाया गेला. उन्हाळ्यात संगम माहुलीला कृष्णेच्या पात्रातनं पिशवीभर दगड आणले. त्यात काळे गुळगुळीत गोटे होते, गारगोट्या होत्या, आणि एका ओळखीच्यांच्या विहिरीच्या खोदकामात निघालेले पांढरे चमकदार खडेही मी हौसेनं टाकले. आठवड्यानं झाकण उघडलं तर पांढरे खडे गायब. ते स्टिलबाइट नावाचं मऊ खनिज होतं, दहापैकी काठिण्य जेमतेम साडेतीन-चार. गारगोटीचं सातच्या आसपास. म्हणजे सात दिवस गारगोट्यांनी त्याचं पीठ दळलं. एका घाण्यात एकाच काठिण्याचे दगड घालायचे, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. वाचतो कोण!

काळ्या गोट्यांनीही निराशा केली. आपला सह्याद्रीचा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांत जाड पावडर अडकते आणि पुढच्या टप्प्यात बाहेर पडून सगळ्यांवर ओरखडे काढते. अगदी घट्ट काळा दगड मिळाला तरी माझ्याकडे तो मंदच चमकला. त्याच पोकळ्यांत पुढे सिलिका साचून जी गारगोटी आणि अकीक तयार झाले, ते मात्र या मशीनसाठीच जन्माला आलेत. आता मी माण तालुक्याकडच्या मेहुण्याच्या रानातनं, नांगरटीनंतर वर आलेल्या गारगोट्याच आणतो. तो म्हणतो, "दाजी, ट्रॉली भरून न्या, फाळ तरी वाचतील." (कासच्या पठारावरनं काही उचलू नका, ते संरक्षित आहे.)

टप्पे चार, नंबर वाढेल तशी पावडर बारीक. ६०/९० नंबरची जाड पावडर, मग १२०/२२०, मग ५००, शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. माझ्या डब्याला प्रत्येक वेळी चार मोठे चमचे लागतात. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली. कमी भरला तर दगड उंचावरनं आपटून टवके उडतात. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा, असं सांगतात. मला विचाराल तर पहिल्या टप्प्याला आठवडा हा शब्दच लावू नये. माझ्या दुसऱ्या घाण्याला तिथे तीन आठवडे लागले, दर आठवड्याला नवी पावडर घालून. ११०० ग्रॅम टाकले होते, ७९० निघाले.

इथेच नवखा माणूस फसतो. ओला दगड कायम सुंदर दिसतो. डब्यातनं काढला की तो तुकतुकीत, आतले तांबडे-पिवळे पट्टे स्पष्ट, वाटतं झालंच. तसंच पुढे गेलो आणि शेवटी पॉलिश होऊन आलेल्या दगडांवर मधोमध खळगे, कडेला भेगा. जाड पावडरीनं जे काढलं नाही ते पुढची कुठलीच पावडर काढत नाही. आता दगड धुऊन फडक्यावर अर्धा तास वाळवतो, मोबाइलची टॉर्च तिरकी धरतो आणि नखानं चाचपतो. नख अडकलं की तो दगड परत ६०/९० मध्ये.

गाळाचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा तो करडा रबडा मी सरळ मोरीत ओतला. खाली बसून सिमेंटसारखा घट्ट झाला, प्लंबरचे आठशे गेले आणि आई दोन दिवस बोलली नाही. आता बादलीत निवळू देतो, वरचं पाणी टाकतो, गाळ परसातल्या खड्ड्यात. तो वाळवून झाडू मात्र नका, ती धूळ छातीला वाईट. टप्पा बदलताना डबा, झाकण, दगड सगळं जुन्या टूथब्रशनं घासायचं.

मशीनच्या तक्रारी दोन. चौथ्या महिन्यात पट्टा तुटला. विकणाऱ्यानं तीन मेलना उत्तर दिलं नाही. एमआयडीसीजवळच्या दुकानात जुना पट्टा दाखवून तेवढ्याच मापाची ओ-रिंग घेतली, चाळीस रुपये, अजून चालू आहे. दुसरी तक्रार आवाजाची. लांबनं गिरणी चालल्यासारखी घरघर, चोवीस तास. हॉलमधनं जिन्याखाली आणि तिथनं माळ्यावर, अशी त्याची रवानगी झाली. विजेची काळजी नको: मोटर २५ वॅटची, महिन्याला १८ युनिट. लाइट गेली तर आल्यावर आपोआप फिरायला लागतं. डब्यात कधीकधी वायू धरतो, झाकण फुगलेलं दिसलं तर उघडून परत लावायचं.

मुलांना सुट्टीत दोन दिवसांत काही करून दाखवायचं असेल तर घेऊ नका. माझ्या आठ महिन्यांत चार घाणे झाले, त्यातले अडीच धड. सध्या पाचवा माळ्यावर आहे. त्यात एक मधाच्या रंगाची गारगोटी पहिल्याच टप्प्यात पाचव्या आठवड्यात फिरतेय, तिच्या पोटातला एक खळगा काही केल्या जात नाही.