जुनी गाडी घेताय? स्कॅनरवर ‘एकही कोड नाही’ दिसलं म्हणून पैसे देऊ नका

मी एजंटकडून घेतलेली २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, २,८५,००० रुपये. इसार १०,००० आणि उरलेले २,७५,००० यूपीआयने. तिसऱ्या दिवशी, १४० किलोमीटर झाल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, पुढे नुसता ‘कॅट’) नीट काम करत नाही. गाडी रॅम्पवर चढवून मागचा ऑक्सिजन सेन्सर काढला आणि भोकातून टॉर्चचा उजेड टाकला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी. तिथे फक्त रिकामा डबा होता. जाळी काढून विकलेली (आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले त्याचेच पैसे देतात), वरून डबा वेल्ड करून काळा रंग मारलेला.

खर्च असा झाला: नवीन कॅट ४६,९००, मागचा सेन्सर ४,६५०, गॅस्केट आणि नट-बोल्ट ८५०, मजुरी २,२००, स्कॅनिंग ६५०. एकूण ५५,२५०.

लाज याची वाटते की मी गाडी न तपासता घेतलेली नाही. कोड वाचणं मला नवीन नाही. स्कॅनर (हे कोड वाचणारं यंत्र) माझा, गाडीच्या ओबीडी सॉकेटला (स्कॅनर जोडायची जागा) मीच लावला, कोड खरंच शून्य होते. आधी कोड उडवून मग गाडी दाखवायची, हे एजंट लोकांचं जुनंच काम आहे आणि तेही मला माहीत होतं. म्हणून तर मी रेडिनेसचं पान (गाडीने स्वतःच्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या ते दाखवणारं) उघडलं. मिसफायर आणि फ्युएल सिस्टिम ‘पूर्ण’, पण कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही ‘अपूर्ण’. त्याखाली ओळ होती: कोड पुसल्यापासून अंतर ३ किमी.

तीन किलोमीटर! तिथेच उठून निघायला हवं होतं. मी एजंटला विचारलं, तर उत्तर तयार होतं: “साहेब, कालच बॅटरी नवीन टाकली.” बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत कोड आणि रेडिनेस दोन्ही पुसले जातात, हे खरं आहे. म्हणूनच ती थाप पटली. अर्धं खरं सांगणारा माणूस जास्त घातक असतो. पण बॉनेट उघडंच होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली होती आणि ती नटाच्या खाचेतही तशीच होती, म्हणजे त्या नटाला कित्येक महिने पाना लागलेला नव्हता. मीटरमधलं घड्याळही अचूक वेळ दाखवत होतं. हे सगळं मी पाहिलं आणि तरीही पुढे गेलो. आजही ती बुरशी डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरी खूण तापमानाची. सकाळी १० वाजता, “आज अजून स्टार्टच केलेली नाही” म्हणत चावी दिली, आणि स्कॅनरवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ८२ अंश. रात्रभर उभी असलेली गाडी हवेच्या तापमानाजवळच दाखवते. इंजिन गरम करून ठेवलं की थंड स्टार्टचा त्रास झाकला जातो, आणि थंड स्टार्टवर अवलंबून असलेल्या चाचण्याही होत नाहीत.

पी०४२० लगेच का आला नाही, हे नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथेच आहे. हा कोड बहुतेक गाड्यांत दोन ट्रिपचा असतो. पहिल्या फेरीत ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) दोष दिसला तर तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदवतो, दिवा लावत नाही. पुढच्या फेरीतही दोष दिसला की दिवा. शिवाय कॅटची चाचणी व्हायला इंजिन पूर्ण गरम होऊन काही मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालावी लागते. गल्लीतल्या ट्रायलमध्ये ती होतच नाही. ‘ट्रायल घ्या ना साहेब’ असं एजंट बिनधास्त का म्हणतो, ते आता कळलं असेल.

कॅट रिकामा आहे का, हे थेट आकड्यांतही पकडता येतं. इंजिन गरम करून २,५०० आरपीएमवर धरा. कॅटच्या पुढचा साधा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो. कॅट चांगला असेल तर मागचा साधारण ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत असतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट रिकामा किंवा निकामी आहे. माझ्या गाडीत तो नाचत होता. हे मी दिवा लागल्यावर पाहिलं, आधी नाही. काही ठिकाणी मागच्या सेन्सरखाली लांब स्पेसर बसवून ही नाचरी रेघ दाबतात, म्हणून खाली वाकून सेन्सर कुठे बसलाय तेही पाहा.

‘जुनी गाडी आहे, स्कॅन होत नाही’ हे ऐकलं तर आधी फ्यूज बघा. सोळा पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बारा व्होल्ट, ४ आणि ५ ला अर्थ. मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. फ्यूज काढून ठेवला की स्कॅनर मेलेलाच दिसणार. वीज असूनही जोडणी होत नसेल तर दोष तुमच्या स्वस्त निळ्या अ‍ॅडॅप्टरचाही असू शकतो. ७ नंबरच्या पिनवरून, म्हणजे के-लाइन या जुन्या पद्धतीने, स्कॅनरशी बोलणाऱ्या गाड्या त्यातले बरेच नकली वाचत नाहीत. ज्या जुन्या मारुतींना हे सॉकेटच नाही, त्यांत डायग्नोसिस कपलरची (दोष तपासायच्या छोट्या जोडणीची) पिन अर्थ केली की दिवाच लुकलुकून कोड सांगतो. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२, सगळं ठीक.

आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर तो काढलेला किंवा उडालेला आहे.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्जच घेईनात. तिसऱ्या फेरीला पोच मिळाली, बाकी काही नाही. आरटीओत सांगितलं, नाव ट्रान्सफर झालंय, आता गाडी तुमची. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, याच्याकडे आहे का, एवढं विचारलं, तर खिडकी क्रमांक चारवरून सातवर, सातवरून परत चारवर. शेवटी एका साहेबांनी पीयूसीचा कागद पुढे सरकवला: “पास आहे की.” अहो, पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून उभ्या गाडीचा धूर मोजतात, ओबीडीच्या सॉकेटला कुणी हातही लावत नाही! ज्या भागासाठी नियम केले तोच भाग गाडीत नाही आणि सरकारी कागद म्हणतो प्रदूषण नियंत्रणात. हे सांगितलं तर “तुम्हाला जास्त कळतं का” असं उत्तर. चार दिवसांची रजा यात गेली.

ग्राहक आयोगात मात्र अर्ज दाखल झाला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. अडचण करारनाम्याची आहे: त्यावर बारीक अक्षरात ‘जशी आहे तशी’ छापलंय आणि खाली माझी सही. तुम्ही सही करायच्या आधी त्याच कागदावर ‘कॅट मूळ आहे, कोड पुसलेले नाहीत’ असं हाताने लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर इसारही देऊ नका. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना बघायची, आणि कॅटॅलिस्टसमोर ‘पूर्ण’ येईपर्यंत हायवेवर चालवायची, मग ५० किलोमीटर लागोत की १००. पेट्रोल आपलं घाला.

माझ्या बाजूने एक गोष्ट आहे. त्या दिवशी ‘३ किमी’ दिसलेल्या स्क्रीनचा फोटो फोनमध्ये राहिला होता, तारीख-वेळेसकट. तो, वेल्डचे फोटो आणि गॅरेजचं लेखी मत जोडलंय. रिकामा डबा कापायला दिलेला नाही, पोत्यात बांधून ठेवलाय. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.