जुन्या सेस्नात गार्मिन जीटीएक्स ३४५: ट्रॅफिक दिसतं, पण बसवणी नीट असेल तरच

सेस्ना १७२ किंवा पायपर चेरोकीसारख्या जुन्या विमानात आसपासची विमानं पॅनेलवर दिसावीत असं ठरलं, की अमेरिकेत हमखास नाव निघतं ते गार्मिनच्या जीटीएक्स ३४५ ट्रान्सपॉन्डरचं, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणाऱ्या डब्याचं. २०१६ च्या सुरुवातीला तो बाजारात आला तेव्हा किंमत सुमारे पाच हजार डॉलर होती. आज तेवढ्यात मिळत नाही, शिवाय मजुरी वेगळी. आधीच सांगतो: पॅनेलमध्ये वॉस जीपीएस असेल, म्हणजे उपग्रहावरून दुरुस्ती घेणारा, तर हा ट्रान्सपॉन्डर पैसे वसूल करून देतो. वॉस जीपीएस नसेल तर आतच जीपीएस असलेलं मॉडेल घ्यावं लागतं किंवा वेगळा विचार करावा लागतो. गार्मिनचा जुना जीपीएस जीएनएस ४३० चालत नाही, ४३०डब्ल्यू चालतो. या एका अक्षरामुळे कोटेशनमध्ये मोठा फरक पडतो, म्हणून उपकरणं बसवणाऱ्या शॉपला फोन करण्याआधी पॅनेलवरचं नाव नीट वाचून घ्या.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट सक्तीचं झालं: नियंत्रित आकाशाचे क्लास ए, बी, सी हे प्रकार, मोठ्या विमानतळांभोवतीचा ३० नॉटिकल मैलांचा मोड-सी पट्टा (मोड-सी म्हणजे उंचीही कळवणारा साधा ट्रान्सपॉन्डर) आणि सर्वसाधारणपणे १०,००० फुटांच्या वर. विमान आपली जागा, उंची आणि वेग स्वतःहून प्रक्षेपित करतं, ते आउट. इतरांचं प्रक्षेपण ऐकतं, ते इन. सक्ती फक्त आउटची आहे. जीटीएक्स ३४५ दोन्ही कामं एकाच डब्यात करतो. त्याचा धाकटा भाऊ जीटीएक्स ३३५ फक्त आउट करतो आणि बराच स्वस्त पडतो. पण ट्रॅफिक दिसावं हाच हेतू असेल तर ३३५ वर थांबण्यात अर्थ नाही.

आउट १०९० मेगाहर्ट्झवर जातं, पण इन १०९० आणि ९७८ दोन्हींवर ऐकलं जातं. अमेरिकेत १८,००० फुटांच्या खाली उडणारी पुष्कळ छोटी विमानं ९७८ वर बोलतात, त्यामुळे फक्त १०९० ऐकणारा रिसीव्हर त्यांना थेट ऐकू शकत नाही. हवामानाचं मोफत प्रक्षेपणही फक्त ९७८ वर येतं.

आता एक मुद्दा जो विक्रेते घाईत सांगतात. ज्या विमानांत एडीएस-बी नाही पण साधा ट्रान्सपॉन्डर आहे, त्यांची रडारवरची जागा जमिनीवरची केंद्रं पुन्हा प्रक्षेपित करतात. या सेवेला टीआयएस-बी म्हणतात. मात्र ती माहिती फक्त आउट असलेल्या विमानासाठी तयार होते: त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्या गोलातली विमानं. आउट नसताना नुसता पोर्टेबल रिसीव्हर डॅशवर ठेवला, तर शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या गोलातली विमानं कधी दिसतील, कधी नाहीत. स्क्रीन रिकामी आहे म्हणून आकाश रिकामं आहे असं समजणं हा यातला सगळ्यात धोकादायक गैरसमज. शिवाय रडारवरून आलेली जागा काही सेकंद जुनी असते. पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, समोरचं विमान बेस लेगवर वळलेलं असतं आणि स्क्रीनवर अजून त्याआधीच्या डाउनविंड टप्प्यावरच दिसतं.

हे सगळं किती गंभीर आहे ते १३ मे २०१९ ला अलास्कात केचिकनजवळ दिसलं. पर्यटकांना घेऊन जाणारी दोन सीप्लेन, एक बीव्हर आणि एक ऑटर, हवेत एकमेकांवर आदळली. सहा जण गेले. दोन्ही विमानांत एडीएस-बी होतं. एनटीएसबी या अमेरिकी अपघात तपास संस्थेच्या तपासात दोन गोष्टी निघाल्या. एक: ऑटरमधलं जुनं उपकरण धोक्याचा इशारा द्यायचं, काही वर्षांपूर्वी बदलून बसवलेल्या नव्या उपकरणात तो इशाराच नव्हता. दोन: ऑटर आपली दाबावरून मोजलेली उंची प्रक्षेपित करत नव्हतं, कारण त्यासाठीचा कंट्रोल हेड, म्हणजे पॅनेलवरचा नियंत्रण भाग, बंद राहिला होता. उंची कळत नसल्याने बीव्हरमधल्या टॅब्लेटवरच्या ॲपनेही इशारा दिला नाही. म्हणजे विमानात नवं उपकरण आलं आणि इशारा देण्याची सोय गेली. ट्रॅफिकसाठी काहीही विकत घेताना पहिले दोन प्रश्न इथूनच येतात: हे कानात बोलतं का, आणि माझी उंची बिनचूक बाहेर जाते का?

पहिल्या प्रश्नाला जीटीएक्स ३४५ चं उत्तर चांगलं आहे. धोका जवळ आला की तो इंग्रजीत घड्याळाच्या भाषेत सांगतो: ट्रॅफिक, दोनच्या दिशेला, खालच्या बाजूला, एक मैल. डोळे लगेच खिडकीकडे जातात, स्क्रीनकडे नाही. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरताना, वैमानिकाचं लक्ष रनवेवर आणि वेगावर असतं, तेव्हा चित्र निरुपयोगी आणि आवाज मोलाचा. पण हा आवाज आपोआप येत नाही. ट्रान्सपॉन्डरच्या ऑडिओ आउटपुटची तार ऑडिओ पॅनेलच्या अशा इनपुटला जोडावी लागते जो रेडिओ बोलत असतानाही बंद होत नाही. जुन्या ऑडिओ पॅनेलवर तसा मोकळा इनपुट नसला की काही शॉप ही तार सोडूनच देतात, आणि बिलावर तिचा उल्लेखही नसतो. कोटेशनमध्ये ‘ऑडिओ अलर्ट जोडणी’ अशी वेगळी ओळ मागून घ्या. विमान ताब्यात घेताना हेडसेट घालून आवाजाची पातळी तपासा. इंजिन चालू असताना ऐकू येत नसेल तर ती वाढवून मागा.

स्क्रीनवरचं चित्रही साधं आहे. ४३०डब्ल्यूवर किंवा ब्लूटूथने जोडलेल्या टॅब्लेटवर विमान शंकरपाळ्याच्या किंवा बाणाच्या टोकाच्या आकारात दिसतं. पोकळ असेल तर लांबचं, भरीव असेल तर जवळचं, पिवळं झालं तर धोक्याचं. बाजूला +०५ असेल तर ते तुमच्यापेक्षा ५०० फूट वर, आणि शेजारचा बाण ते चढतंय की उतरतंय ते सांगतो. टार्गेटट्रेंड नावाची सोय फार उपयोगाची आहे. समोरच्या विमानाचा तुमच्या सापेक्ष मार्ग ती रेघेने दाखवते, त्यामुळे कुठलं विमान तुमच्याकडेच सरकतंय ते एका नजरेत कळतं. पॅटर्नमध्ये रेंज २ मैलांवर आणा, नाहीतर चिन्हं एकमेकांवर चढतात.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि इथे बसवणाऱ्याचा हात दिसतो. जुन्या विमानांत उंची संकेतात बदलून देणारा एन्कोडर ग्रे कोड नावाच्या संकेताच्या अनेक तारांनी ट्रान्सपॉन्डरला जोडलेला असतो. त्यातली एखादी तार किंवा सोल्डर तुटला तर काही उंचींवर सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्या उंचीवर आकडा शेकडो फुटांनी उडी मारतो. असा दोष जमिनीवरच्या वरवरच्या तपासणीत सापडतोच असं नाही. जुने एन्कोडर गरम व्हायलाही काही मिनिटं घेतात, तोवर उंची जातच नाही. जीटीएक्स ३४५ बरोबर जीएई १२ हा छोटा एन्कोडर घेता येतो. तो रॅकच्या मागेच बसतो, तारांचं जंजाळ संपतं. हा पैसा वाचवू नका. मात्र त्यासाठी स्टॅटिक लाइन, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांना देणारी नळी, उघडावी लागते. उघडली की गळतीची चाचणी आलीच: केबिनमध्ये दाब न राखणाऱ्या विमानात १,००० फुटांइतका फरक देऊन एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त घट होता कामा नये. ट्रान्सपॉन्डरची चाचणी तर दर २४ महिन्यांनी लागतेच. दोन्ही एकाच भेटीत उरकली तर मजुरी वाचते.

अँटेना आणि केबलकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. जुनी आरजी-५८ केबल पुन्हा वापरू नका, आरजी-४०० टाकून घ्या. तोटा कमी, आवरण चांगलं, उष्णतेला टिकाऊ. पोटाखालची अँटेना इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणाऱ्या तेलाने माखलेली असते. बाहेरून नुसती पुसून भागत नाही, बुडाशी गंज चढला की जोडणीच कमजोर होते. अँटेना काढून खालची धातूची जागा घासून, गॅस्केट बदलून परत बसवायला सांगा. वॉस जीपीएसची अँटेनाही त्या कामाचीच असावी लागते. जुनी वॉस नसलेली छतावर तशीच ठेवली तर जीपीएस नवा असूनही अचूकतेचे आकडे पास होत नाहीत.

त्यानंतर सेटिंग. विमानाचा २४ बिटांचा कोड एका अंकाने चुकला तर तुम्ही कुणा दुसऱ्याच्या नावाने उडता. अमेरिकी नोंदणीच्या विमानांचे सहा अंकी हेक्स कोड ए ने सुरू होतात. नोंदणी क्रमांक बदलला की कोडही बदलतो, हे विसरलं जातं. फ्लाइट आयडीमध्ये, म्हणजे प्रक्षेपणातल्या विमानाच्या नावात, अमेरिकी नोंदणी क्रमांकाचा सुरुवातीचा एन गाळणं ही अगदी नेहमीची चूक. टॅब्लेटवरच्या ॲपमध्येही हाच हेक्स कोड भरा. नाही भरला तर ॲप तुमच्याच विमानाला परकं समजतं आणि एक भुताचं विमान तुमच्या शेपटीला चिकटून येतं. इशारे वाजत राहतात आणि काही दिवसांनी वैमानिक सगळेच इशारे दुर्लक्षित करायला लागतो.

हे सगळं बरोबर झालं का ते तपासण्याचा रस्ता फुकट आहे. सक्तीच्या हवाई क्षेत्रात साधारण अर्धा तास उडा आणि अमेरिकी हवाई नियामक एफएएच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कामगिरीचा अहवाल मागवा. तो ईमेलने येतो. चूक असेल तो रकाना लाल असतो. जागेच्या अचूकतेचे आणि भरवशाचे आकडे असे हवेत: एनआयसी किमान ७, एनएसीपी किमान ८, एसआयएल ३, एसडीए किमान २. उंचीच्या आणि फ्लाइट आयडीच्या रकान्यांवरही नजर टाका. लाल रकान्यासह शॉपला शेवटचा हप्ता देऊ नका.

पैसे कमी असतील तर दुसरा रस्ता आहे: यूएव्हिऑनिक्सचं टेलबीकन. शेपटीचा दिवा काढून त्या जागी हे बसतं, आत ९७८ चा प्रक्षेपक आणि वॉस जीपीएस. जुना मोड-सी ट्रान्सपॉन्डर तसाच राहतो, त्याचाच कोड आणि उंची हे ऐकून घेतं. बसवणं खूप सोपं, पॅनेलला हात लावावा लागत नाही. पण वीज नॅव्हिगेशन दिव्याच्या स्विचवरून येते. दिवसा उडताना तो बंद ठेवण्याची सवय असेल तर आउटही बंद. स्विचवर पट्टी चिकटवून घ्या. आणि जुन्या एन्कोडरमधला दोष असेल तर तोही तसाच प्रक्षेपित होतो.

टेलबीकनला जोड म्हणून सेन्ट्रीसारखा दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकणारा पोर्टेबल रिसीव्हर टॅब्लेटवरच्या फोरफ्लाइट ॲपसोबत चांगला चालतो. तो डॅशवर उन्हात ठेवू नका; बाजूच्या खिडकीला सक्शन कपने लावला तर गरम होत नाही आणि पंखांच्या, शरीराच्या आडोशातून सुटतो. आडोसा पूर्ण जात नाही, एका बाजूची विमानं उशिराच दिसतात. स्वतः जोडणी करणाऱ्यांसाठी स्ट्रॅटक्स आहे: रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक, दोन एसडीआर डोंगल (यूएसबीवरचे रेडिओ रिसीव्हर), जीपीएस. यात दोन चुका वारंवार होतात. ९७८ आणि १०९० च्या अँटेना उलटसुलट लागतात, आणि कमी दर्जाच्या यूएसबी केबलमुळे ५ व्होल्ट, अडीच ॲम्पिअर मिळत नाही व उड्डाणात सगळं पुन्हा सुरू होतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ या पत्त्यावर किती संदेश येताहेत ते उड्डाणाआधी पाहता येतं. जमिनीवर ९७८ चा आकडा शून्य असू शकतो, कारण केंद्र दृष्टिरेषेत नसतं. घाबरू नका. वर गेल्यावर तो वाढायला हवा.

जीटीएक्स ३४५ च्या मर्यादा. वीजप्रणालीच नसलेली जुनी कब विमानं, फुगे, काही ग्लायडर यांना सक्तीतून सूट आहे. ती कुठल्याही स्क्रीनवर दिसतीलच असं नाही. जमिनीवरच्या केंद्रांचा आवाका नसलेल्या दऱ्यांत मोड-सीवालेही दिसत नाहीत. तिथे उपयोगी पडतं ते आसपासच्या ट्रान्सपॉन्डरना स्वतः विचारणा करणारं सक्रिय यंत्र, गार्मिनचं जीटीएस ८००. त्याला जमिनीच्या केंद्राची गरज नाही, पण किंमत इतकी की १७२ साठी परवडत नाही. बॉनान्झा किंवा बॅरनवाल्यांनी विचार करावा.

कॅनडात उडणाऱ्यांनी पोटाखालच्या एकाच अँटेनावर विसंबू नये. तिथे उपग्रह ऐकतात, म्हणून वरही अँटेना लागते. क्लास ए मध्ये १० ऑगस्ट २०२३ पासून आणि १२,५०० फुटांच्या वरच्या क्लास बी मध्ये १६ मे २०२४ पासून ती सक्ती आहे, आणि त्यासाठी जीटीएक्स ३४५डी हे दोन अँटेनांचं मॉडेल आहे. ब्रिटनमध्ये स्कायएको २ हे हातात धरता येण्याजोगं उपकरण आउट आणि इन दोन्ही करतं, तिथल्या ग्लायडरवाल्यांकडे मात्र फ्लार्म हे टक्कर टाळण्याचं वेगळं उपकरण असतं.

बारामती, धुळे किंवा गोंदियात शिकणाऱ्या वैमानिकांनी अमेरिकेतून पोर्टेबल रिसीव्हर आणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं: भारतात ९७८ ची केंद्रं नाहीत, टीआयएस-बी नाही, फुकटचं हवामानही नाही. १०९० वर बोलणारी मोठी विमानं वरून जाताना स्वच्छ दिसतील. शेजारच्या सर्किटमधलं (म्हणजे पॅटर्नमधलं) मोड-सी ट्रान्सपॉन्डरचं ट्रेनर दिसणार नाही.