रूळ, खडी, गवत: एचओ लेआउट काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

मॉडेल रेल्वेच्या सामानाचे रिव्ह्यू बहुतेक वेळा खोका उघडल्यावर आठवड्याभरात लिहिले जातात. तेव्हा सगळंच छान दिसतं. गोंद नुकताच वाळलेला असतो, गवत ताठ उभं असतं, चाकं चकचकीत असतात. पुढे धूळ बसते, हवा कधी दमट कधी कोरडी होते, गाड्या रोज धावतात आणि रुळांवर काळं किटण धरतं. माझा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासकट मांडलेली छोटी रेल्वे, आता या सगळ्यातून गेलाय, म्हणून काय टिकलं आणि काय नाही ते लिहितोय.

आधी रचना. स्केल एचओ, म्हणजे १:८७ (सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान), रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. भिंतीलगत लांबट लेआउट, पुढून मागे ६० सेंमी, म्हणजे मागच्या कडेपर्यंत हात सहज पोचतो. एक लहान स्टेशन, मालगाडीसाठी सायडिंग, एक ओढा आणि त्यावरचा पूल. खाली प्लायवूडची चौकट, वर एक्सपीएस (दाट थर्माकोलसारखा) फोम, त्यावर कॉर्कचा पट्टा. फोमवर सॉल्व्हंटचा गोंद किंवा साधा स्प्रे पेंट थेट मारू नका, फोम विरघळतो. एवढं सांभाळलं तर तो काही त्रास देत नाही. माझा आजही जसाच्या तसा आहे.

रूळ कोड ८३ चे घेतले. हा आकडा म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. ८३ म्हणजे साधारण २.१ मिमी, ८७ ने गुणलं की १८ सेंमी. मुख्य मार्गावरचा खरा ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो, म्हणजे हिशेब बऱ्यापैकी जुळतो. कोड १०० त्याच हिशेबाने २२ सेंमी होतो आणि जरा धिप्पाड दिसतो. पण इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की या फरकाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. सायडिंगला जुने कोड १०० चे रूळ लावले आणि त्यांच्या बाजू रंगवल्या. येणाऱ्यांपैकी कुणालाही तो फरक दिसलेला नाही. उलट कोड ८३ चा एक तुकडा बरेच दिवस बिनरंगाचा राहिला होता, त्याच्याकडे मात्र सगळ्यांची नजर जायची. रुळाची चकाकणारी बाजू हीच खेळण्याची खूण. गंजाचा रंग भडक नारिंगी नको. वापरातल्या जुन्या रुळाचा गंज गडद तपकिरी असतो, स्लीपरच्या आणि खडीच्या धुळीत मिसळून गेलेला. रंग ओला असतानाच माथा पुसून घ्यायचा, नाहीतर इंजिनाला रुळातून वीज मिळत नाही.

आता खडी. सगळ्या लेआउटमध्ये सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच. तयार खडीच्या पाकिटावर लिहिलेल्या स्केलवर विसंबू नका. खऱ्या रुळांखालची खडी साधारण ३ ते ६ सेंमीची असते. १:८७ मध्ये ती जेमतेम पाऊण मिलिमीटरपर्यंत जाते. ‘एचओ’ म्हणून विकली जाणारी बरीच खडी याहून जाड असते आणि मग स्लीपरांमध्ये धोंडे रचल्यासारखे वाटतात. मी चाळून बारीक भाग वापरला. दुसरी गोष्ट वजनाची. अक्रोडाच्या सालीपासून केलेली खडी हलकी असते, गोंदाचा थेंब पडताच तरंगते आणि वर चढून बसते. दगडाची खडी जागची हलत नाही. मात्र दगडाच्या खडीवरून आधी लोहचुंबक फिरवून घ्या. त्यात लोखंडाचे कण असले तर ते पुढे इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात.

पसरण्याची पद्धत अशी. कोरडी खडी दोन रुळांमध्ये थोडी थोडी टाकायची, मऊ ब्रशने सपाट करायची, मग ब्रशच्या दांड्याने रुळावर हलकेच टकटक करायचं. स्लीपरच्या डोक्यावर बसलेले दाणे आपोआप खाली घरंगळतात. एकही दाणा रुळाच्या आतल्या बाजूला चिकटलेला नको, चाकाची कड तिथूनच जाते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा. खडीचा रंग गडद झाला की ती आतपर्यंत भिजली असं समजायचं. त्यानंतर पीव्हीए (पांढऱ्या लाकडाच्या) गोंदात तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि हे मिश्रण ड्रॉपरने रुळाच्या कडेकडेने सोडायचं. आधी भिजवलं नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो आणि खाली खड्डा पडतो. भिजवलेलं असेल तर तो डोळ्यांदेखत दाण्यांमधून सरकत पलीकडच्या स्लीपरपर्यंत पोचतो. हे बघायला मला अजून मजा येते. सांध्यांपाशी, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे, हात आखडता ठेवायचा. हलणाऱ्या पात्यांखाली खडी जवळपास नकोच, नुसता खडीचा रंग दिला तरी भागतं.

ही खडी आजही घट्ट आहे, व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रश फिरवला तरी दाणा सुटत नाही. पण एक गोष्ट चालवायला लागल्यावरच कळते: पीव्हीए वाळून दगडासारखा कडक होतो आणि कॉर्क ज्या आवाजाला अडवत होता त्याला थेट फळीपर्यंत वाट करून देतो. खडी घातल्यावर गाडीचा घरघराट स्पष्ट वाढतो. पुलापलीकडच्या भागात मी लेटेक्सचा गोंद पाण्यात कालवून वापरला. तो रबरासारखा लवचीक राहतो आणि तो भाग आजही शांत आहे. रात्री उशिरा गाडी चालवणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. एका कंपनीचा तयार ‘बॅलास्ट ग्लू’ही आणला होता. तो वाळल्यावर खडीला जी चमक आली ती मॅट वार्निशने कशीबशी झाकली. पुन्हा आणणार नाही.

स्टॅटिक गवताचं यंत्र घ्यावं का, असं मला बरेच जण विचारतात. घ्या. यंत्राचा एक ध्रुव जाळीला, दुसरा तारेने ओल्या गोंदाला. विजेच्या दाबाने नायलॉनचे तंतू उभे राहूनच गोंदात रुततात. वीज सौम्य नसते, झटका बसतो, म्हणून जाळी आणि तार एकदम धरू नका. तंतूंची लांबी मात्र विचार करून निवडा. २ मिमी म्हणजे एचओमध्ये १७ सेंमी, ४ मिमी म्हणजे ३५, ६ मिमी म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा थोडं जास्त. लोकांच्या लेआउटवर १२ मिमीचं गवत बघतो तेव्हा त्यातली माणसं कमरेपर्यंत बुडालेली असतात. मी २ आणि ४ मिमी एकत्र वापरलं, हिरव्यात वाळक्या गवताचा रंग सढळ हाताने मिसळून.

काही महिन्यांनी दोन गोष्टी दिसल्या. एक, सुटे तंतू कितीही झटकले तरी थोडे थोडे सुटतच राहतात आणि इंजिनाच्या आसाभोवती गुंडाळले जातात. इंजिन अडखळायला लागलं की मी आता आधी ते उलटं करून चिमट्याने आस साफ करतो. निम्म्या वेळा दुखणं तिथेच सापडतं. दुसरी गोष्ट धुळीची, आणि ती चक्क फायद्याची निघाली. नायलॉनची मूळची चमक धुळीने मारली आणि गवत पहिल्या दिवसापेक्षा आज जास्त खरं वाटतं.

पाण्याच्या बाबतीत नेमकं उलटं. ओढ्यासाठी दोन घटकांचं इपॉक्सी रेझिन ओतलं. पातळ थरांमध्ये ओतलं तर ते काचेसारखं होतं, आणि रंगवलेला तळ खाली छान दिसतो. पण ते काठावरच्या गवतात वर चढतं, आणि वाळल्यावर धुळीचा कण न् कण दाखवतं. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश फिरवावाच लागतो. इतक्या लहान ओढ्याला तळ नीट रंगवून वर ग्लॉस मीडियमचे (वाळल्यावर चमकणाऱ्या पारदर्शक लेपाचे) थर दिले असते तरी चाललं असतं, असं माझं मत आहे.

झाडांबद्दल थोडक्यात: पुरेशी वाटतात त्यापेक्षा उंच करा. १५ मीटरचं झाड एचओमध्ये १७ सेंमीचं होतं, आणि बाजारातली बहुतेक त्याच्या निम्मी असतात.

विजेचा भाग डीसीसीवर, म्हणजे रुळांतून इंजिनांना डिजिटल हुकूम पाठवणाऱ्या पद्धतीवर आहे. प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला (हुकूम वाचणाऱ्या चिपला) स्वतःचा पत्ता असल्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडलेली आहे. जोडपट्ट्यांवर विसंबलेल्या लेआउटमध्ये हवा बदलली की इंजिनं कुठेतरी मरगळतात, हे मी इतरांकडे बघितलंय. माझ्याकडे ती तक्रार आलेली नाही. सांध्यांचे फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) वीज मिळणारेच घ्या. प्लास्टिकच्या फ्रॉगवर चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन हमखास थांबतं, आणि मग बोटाने ढकलायची वेळ येते. बोटाने ढकललेली गाडी दिसली की बाकीचं सगळं वास्तव तिथेच संपलं.

रुळांची सफाई सुरुवातीला घासणाऱ्या रबराने करायचो. आता फक्त आयसोप्रोपिल आणि तंतू न सुटणारा कपडा. रबराचे ओरखडे राहतात आणि त्यात किटण जास्त धरतं. त्याहून मोठा फरक पडला तो डब्यांची प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवल्याने. काळी घाण येणं बंद झालं नाही, पण दोन सफायांमधलं अंतर खूप वाढलं.

डब्यांवर पावडर पिगमेंटने धूळ-काजळी चढवली होती. बोटं लागून लागून ती छपरांच्या कडांवरून गेली. वरून मॅट वार्निश मारलं तर फिकट रंगाची पावडर जवळजवळ दिसेनाशी होते, त्यामुळे मारायच्या आधी दुप्पट गडद लावावी लागते. तेलरंगाचे पातळ वॉश मात्र खाचांमध्ये जसेच्या तसे बसलेत. जो डबा रोज हाताळायचा त्याला वॉश, जो सायडिंगमध्ये नुसता उभा राहणार त्याला पावडर, अशी वाटणी आता केलीय.

शेवटी वेगाबद्दल, कारण यावर फार कुणी बोलत नाही. ताशी ६० किमी म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला सुमारे १९ सेंमी. म्हणजे एक मीटर जायला पाच सेकंदांहून थोडं जास्त. घड्याळ लावून बघा, बहुतेकांच्या मालगाड्या विमानाच्या वेगाने चालतात. मी डिकोडरमधल्या सेटिंगपैकी (त्यांना सीव्ही म्हणतात) सीव्ही ५ ने वरचा वेग कमी केला, सीव्ही ३ आणि ४ ने गाडी हळू सुटेल आणि हळू थांबेल असं केलं. आता फलाटाच्या टोकाला थांबवायची तर ब्रेक पुलावरच लावायला घ्यावा लागतो, आणि तरी कधीकधी शेवटचा डबा फलाटाबाहेर राहतो.