घरी हातानं केलेलं पुस्तक, आठेक महिन्यांनंतर: सगळं जमतंय, पण कागदाच्या रीमवर ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, का छापत नाहीत?

माझा घरचा सेट असा, ए-फोर कागद, इंक टँक प्रिंटर, लांब हाताचा स्टेपलर, मधोमध घडी आणि ४८ पानांचं ए-फाइव्ह पुस्तक. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागातल्या गल्लीवर, तिथल्या लूमच्या शेडवर, तिथल्या माणसांवर मी बरीच वर्षं लिहीत आलोय, ते लेख ह्या सेटवर घरीच छापायला लागून आठेक महिने झाले. सुरुवातीला मी सगळ्याला पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो. आज लिहायला बसलोय कारण पहिल्या छपाईच्या ज्या प्रती कपाटात होत्या त्या उन्हाळ्यात सगळ्या आ वासून बसल्यात. कव्हर मिटतच नाही, बोटभर उघडं. वर जाडजूड शब्दकोश ठेवून रात्रभर दाबलं, सकाळी बरं दिसतं, दुपारपर्यंत परत तेच. विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात असं पुस्तक द्यायला जिवावर येतं ओ, आतलं लिखाण कितीही मन लावून केलेलं असू दे, पहिल्यांदा दिसतं ते हेच.

तर पहिला संशय स्टेपलरवर. पिना सैल बसतायत म्हणून त्याला दोन स्टारवर आणलं. मग वाटलं कागद पातळ असेल, ८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्राममधलं वजन) सोडून १०० चा आणला, तर तो जास्तच उघडायला लागला. पैसे जास्त गेले आणि पुस्तक आणखी वाईट, म्हटल्यावर डोकं फिरलं.

उलगडा केला अप्पांनी, म्हणजे वडिलांनी. त्यांचं सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलं. माझी कटकट ऐकून त्यांनी वाया गेलेला एक कागद उचलला, उभा फाडला, सरळ रेषेत फाटला. दुसरा आडवा फाडला, वेडावाकडा, कड फुटलेली. म्हणाले, "ह्याला ताणा हाय की बे. तू ताण्याच्या उलट मोडायलायस." कापडात जसा ताणा, म्हणजे उभे धागे, एका दिशेला असतो आणि त्या दिशेला कापड वेगळं वागतं, तसंच हे, आणि सोलापुरात कापडाचं हे शेंबड्या पोराला पण कळतं. नंतर नवी पेठेच्या बाजूला एक जुने बाइंडर मामा आहेत त्यांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, ग्रेन उलटा आहे, त्यात काय एवढं.

एवढं आहे की! कागद मशीनवर बनतो तेव्हा लगदा पुढं पळणाऱ्या जाळीवर पडतो आणि त्यातले बहुतेक तंतू पळायच्या दिशेला समांतर होऊन बसतात. तो झाला ग्रेन. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ए-फोरमध्ये ग्रेन लांब बाजूनं, २९७ मिलीमीटरच्या दिशेनं असतो, कारण तसा कागद प्रिंटरमधून ताठ, सरळ जातो. ऑफिसच्या पत्राला ते उत्तमच. पण आपण ए-फोर मधोमध दुमडून ए-फाइव्ह करतो तेव्हा घडी पडते २१० च्या दिशेला, म्हणजे बहुतेक तंतू मोडून. तो तंतू परत सरळ व्हायला बघणारच. ४८ पानं म्हणजे बारा कागद एकात एक, त्या बारा कागदांचा जोर एकत्र होऊन कव्हरला ढकलतो, जाड कागदाचा जोर जास्त म्हणून १०० जीएसएमनं जास्त त्रास दिला. त्यात आपली हवा. तंतू ओलाव्यानं जाडीत फुगतो आणि सुकला की जाडीतच आकसतो, लांबीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळं कागद ग्रेनला आडवा जास्त हलतो. पुस्तक शिलाईपाशी पकडलेलं, बाहेरची कड मोकळी, मग मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आणि नंतर पावसाळ्यात पानांच्या कडा वरखाली होतात.

माझा सगळा राग इथं आहे. रीमच्या पाकिटावर जीएसएम लिहितात, पांढरेपणा लिहितात, ५०० कागद लिहितात, झाडांचं चित्र काढतात, पण ग्रेन कुठल्या बाजूनं ते एका ओळीत लिहीत नाहीत. दुकानात विचारलं तर "साहेब, कागद तो कागद" म्हणतात. एक बाण छापायला किती शाई लागते? मी आता कुठल्याही नव्या रीमचा पहिला कागद हातात आला की आधी दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघतो, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या घडीला समांतर ग्रेन. खात्री नसेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करायचा, तो गुंडाळी होतो, त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेला तोच ग्रेन. एक मिनिटाचं काम आहे, पुस्तक करणाऱ्या प्रत्येकानं रीम घ्यायच्या आधी दुकानातच करावं, दुकानदारानं काहीही तोंड केलं तरी.

उपाय बाइंडर मामांनीच दिला आणि तो ऐकून मी खरंच उडालो. लांब ग्रेनचा ए-थ्री घ्यायचा, २९७ बाय ४२०, आणि मधोमध कापायचा. ४२० चे दोन २१० झाले, ग्रेन त्याच दिशेला राहिला, म्हणजे हातात आला आखूड ग्रेनचा ए-फोर. हा दुमडला की घडी ग्रेनला समांतर. मामांनी रीमची रीम कटिंग मशीनवर ठेवून एका दाबात कापून दिली. त्यातनं केलेली पहिली प्रत पिना मारून टेबलावर ठेवली तर कव्हर आपोआप खाली बसलं. दाबलं नाही, काही नाही. उघडलं तर पान सहज उघडतं, सोडलं तर मिटतं. मी ती प्रत परत परत उघडून मिटून बघत बसलो होतो, बायको म्हणाली आता वाचून तरी बघा. स्टेपलरला परत चार स्टार, त्याचा काही दोष नव्हता. पाचवा देत नाही कारण बारा कागद आणि कव्हर एवढीच त्याची ताकद आहे, त्यापुढं पीन आतल्या बाजूला नीट वळत नाही.

खर्चाचं विचाराल तर एका रीममध्ये बारा-बारा कागदांनी ४१ प्रती निघतात आणि ८ कागद उरतात, ते चाचणीला. ए-थ्री कापून घेतला तर एका रीमची दुप्पट, त्यामुळं कटिंगचे पैसे अंगावर येत नाहीत. एकात एक घातलेल्या कागदांची आतली पानं साधारण मिलीमीटरभर बाहेर येतात, ती शेवटी मामांकडंच एकत्र कापून घेतो, घरी कटरनं कापली की कड खाल्ल्यासारखी दिसते.

आता प्रिंटर. चांगला आहे, शाई स्वस्त पडते, पण दोन गोष्टी. एक म्हणजे घ्यायच्या आधी काळ्या शाईच्या बाटलीवर पिगमेंट (पाण्यात न विरघळणारे रंगकण) लिहिलंय का बघा. पिगमेंट असेल तर घामेजला अंगठा लागला तरी अक्षर टिकतं, डाय (विरघळणारा रंग) असेल तर पसरतं, आणि आपल्याकडं मेमध्ये पुस्तक धरणाऱ्याचा हात कोरडा नसतोच. दुसरी म्हणजे मधेच एक दिवस छपाई थांबली आणि दिवे लुकलुकायला लागले. हेड क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरचं शाईचं तोंड साफ, करताना वाया जाणारी शाई मशीनच्या तळातल्या पॅडमध्ये जिरते, तिचा हिशोब मशीन ठेवतं, आणि पॅड भरला असं त्याला वाटलं की छपाई बंद. सर्व्हिस सेंटरनं सरळ मोठा पार्ट बदलायचा खर्च सांगितला, नव्या प्रिंटरच्या निम्म्याला जाईल असा. मी तिथं उभा राहून भांडलो, पॅड बदला, काउंटर रिसेट करा, बाकी हात लावू नका, लेखी द्या की पार्ट खराब आहे. लेखी म्हटल्यावर सूर बदलला आणि पॅडवर काम भागलं. तेव्हापासनं उठसूट हेड क्लीनिंग करत नाही, त्यापेक्षा दर आठवड्याला एक पान छापतो, शाई वाळत नाही.

फॉन्टचं थोडक्यात सांगतो. टिरो देवनागरी मराठी वापरा, फुकट आहे, आणि त्यात आपला मराठी वळणाचा ल आणि श येतो, हिंदी वळणाचा नाही. डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टात टाइप करून देतात, तो मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसता कचरा दिसतो, युनिकोडमध्येच पाहिजे म्हणून आधीच सांगा. पानांचा क्रम हातानं लावत बसू नका, पीडीएफ छापताना बुकलेटचा पर्याय असतो, फक्त मागची बाजू आखूड कडेवर उलटायची. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा.

पुढच्या छपाईच्या प्रती मी पिनांऐवजी दोऱ्यानं शिवल्या आणि इथं सोलापूरकर असल्याचा खरा फायदा झाला. पुस्तकशिलाईचा लिननचा दोरा बाहेरून मागवला तर महाग पडतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये टॉवेलच्या सुताचे उरलेले कोन पडलेले असतात, त्यातलं २/२० चं (वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं) सूत दुहेरी केलं, मधमाशीच्या मेणावरनं दोनदा ओढलं, झाला दोरा. दाभणानं घडीत पाच भोकं, मधल्या भोकातनं सुरू करून मधेच गाठ. एका प्रतीला पंधरा मिनिटं जातात पण पान मधोमध पूर्ण सपाट उघडतं, पिनेचा डोळ्यात भरणारा चकचकीत तुकडा नाही, आणि ज्या सुतावर आमच्या गल्लीचं पोट चाललं त्याच सुतानं गल्लीवरचं पुस्तक शिवलेलं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अप्पांनी गाठ बघितली आणि मला लूमवरची त्यांची गाठ शिकवली. ती बारीक बसते, आता तीच मारतो.

थोड्या प्रती कापडी कव्हरच्याही केल्या. चाटी गल्लीतनं पातळ सुती कापडाचा पीस आणला, मागं टिश्यू पेपर चिकटवला म्हणजे चिकटवायची खळ वर झिरपत नाही. मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, ते विषारी असतं, पोरांपासनं लांब ठेवा आणि त्याचं भांडं वेगळं. इथंही तेच, पुठ्ठ्याचा आणि आतल्या चिकटवायच्या कागदाचा ग्रेन पाठीला समांतर, नाहीतर खळ सुकताना पुठ्ठा वाकतो. मी पुठ्ठ्याच्या दुकानातही वाकवून बघितल्याशिवाय घेत नाही, दुकानदार आता ओळखतो.

प्रकाशनाचं म्हणाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडनं फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज आहे, त्याचे पैसे सांगणाऱ्याला नमस्कार करा. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. मी चार प्रती जायच्या म्हणून आधी कुरकुरलो, मग कायदा वाचला तर त्यात लिहिलंय की राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत बांधलेली किंवा शिवलेली असावी आणि ज्या ज्या कागदावर पुस्तक छापलंय त्यातल्या सर्वांत चांगल्या कागदावरची असावी. वाचून इतकं बरं वाटलं! तिथं आखूड ग्रेनची, सुतानं शिवलेली, कापडी कव्हरचीच प्रत गेली. वाचकांना पाठवायला पोस्टाची ज्ञान पोस्ट घ्या, मे २०२५ पासनं सुरू आहे, ३०० ग्रामपर्यंत २० रुपये आणि वर कर. आमचं ४८ पानी पुस्तक पाकिटासकट त्यात आरामात बसतं, ८० जीएसएमचा ए-फोर पाच ग्रामचा, बारा कागदांचे ६० ग्राम, वर कव्हर. फक्त पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, ते दुसऱ्या पानावर टाकाच.

एकूण, प्रिंटरला साडेतीन, स्टेपलरला चार, सोलापुरी सुताला पाच, आणि पाकिटावर ग्रेन न छापणाऱ्या कागदाला एक. आखूड ग्रेनचा कागद प्रिंटरमध्ये थोडा मऊ पडतो, ट्रेमध्ये एका वेळी वीस-पंचवीसच घाला, जास्त घातले की दोन दोन ओढतो. आणि ए-थ्री कापायला देताना गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं ग्रेनची रेघ मारून द्या, कापून झाल्यावर कुठला गठ्ठा कुठल्या ग्रेनचा ते नुसतं बघून ओळखता येत नाही.