नऊ महिन्यांनंतर: कॉटरचे क्रँक आणि तीन गिअरचा हब असलेली जुनी रोडस्टर

1950 च्या दशकातली ब्रिटिश बांधणीची सायकल. स्टीलची फ्रेम, कॉटरवाले क्रँक (पॅडलचे दांडे धुरीवर पाचरीसारख्या खिळीनं, म्हणजे कॉटरनं, पक्के केलेले), केबलऐवजी दांड्यांनी ओढले जाणारे रॉड ब्रेक, 26 × 1⅜ ची चाकं आणि मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब, म्हणजे तीन गिअर पोटात असलेला चाकाचा मधला भाग. पूर्ण खोलून, साफ करून, नव्यानं जोडून नऊ महिने रोज चालवल्यानंतरचं हे मत. चालवायला इतकी शांत आणि सुखाची सायकल क्वचित मिळते. काम करायला घेतल्यावर मात्र ती वारंवार चकवते, आणि चकवते ती एकाच रीतीनं: बसलाय असं वाटणारा भाग प्रत्यक्षात बसलेला नसतो.

आधी हब, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. एडब्ल्यू 1936 मध्ये आला. आत मधोमध एक्सलवर पक्कं असलेलं 20 दात्यांचं चाक, त्याभोवती 20 दात्यांची चार छोटी चाकं आणि बाहेर 60 दात्यांचं कडं. त्यातून दुसरा गिअर सरळ, पहिला 25 टक्के हलका आणि तिसरा 33 टक्के जड मिळतो. केबल ढिली सोडली की आतला क्लच, म्हणजे गिअर जोडणारा सरकता भाग, स्प्रिंगच्या जोरावर तिसऱ्यात जातो, ओढली की दुसऱ्यात, आणखी ओढली की पहिल्यात. इथेच पहिला चकवा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अशी एक जागा असते की क्लच धड इकडे नाही, धड तिकडे नाही. उभं राहून जोर लावताना केबल जराशी सैल असली, तर पॅडल एकदम रिकामं पडतं आणि गुडघा हँडलवर आपटतो. हब खराब झाला असं समजून बरेच जण तो खोलायला बसतात. खोलण्याची गरज नसते, केबलचा ताण बघायचा असतो.

तो असा बघावा. लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवा आणि पॅडल थोडं पुढे-मागे करा, म्हणजे क्लच जागेवर येईल. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक भोक असतं, त्यातून आत डोकवा. बारीक साखळी जिथे दांडीला जोडलेली आहे ते दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी अगदी समतल दिसलं पाहिजे. दांडी बाहेर डोकावत असेल तर ताण जास्त, आत गेली असेल तर कमी. साखळीची दांडी आधी आत पूर्ण फिरवून घ्यावी आणि साखळी केबलच्या रेषेत येण्यापुरतीच, फार तर अर्धा फेरा, मागे घ्यावी. अर्धवट आटे धरलेली दांडी आतच तुटते आणि मग एक्सल काढल्याशिवाय तुकडा निघत नाही. नवी केबल पहिल्या काही दिवसांत ताणते, तेव्हा आठवड्यानं पुन्हा बघावं. त्यानंतर नऊ महिन्यांत हात लावावा लागला नाही.

हब खोलायचाच असेल तर उजवीकडची छर्ऱ्यांची मोठी रिंग काढण्याआधी तिच्यावर आणि हबच्या कवचावर समोरासमोर खूण करा. या रिंगचे आटे दुहेरी सुरुवातीचे आहेत, म्हणजे ती दोन ठिकाणांहून सुरू होऊ शकते. चुकीच्या सुरुवातीतूनही ती शेवटपर्यंत जाते, घट्टही बसते. मग आधी नीट फिरणारं चाक एका बाजूला झुकू लागतं आणि माणूस उगाच आरे ओढत बसतो. जोडताना उजवा कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो एक्सलवरचा निमुळता नट) बोटानं घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि लॉक करायचा, पुढचं सगळं समायोजन डाव्या कोनवर. रिमला धरून हलवल्यावर किंचित खेळ जाणवला पाहिजे. तो नसेल तर हब जड फिरतो आणि पॅडल थांबवल्यावर चेन वरच्या बाजूला लोंबते.

कवचाच्या भोकातून अधूनमधून पातळ मशीन ऑइलचे काही थेंब पुरतात. घरगुती वापराचं तेल काही काळानं वाळून राळेसारखं होतं, आतले एकाच दिशेनं पकड घेणारे छोटे पंजे चिकटतात आणि पॅडल मोकळं फिरतं. आत ग्रीस भरल्यानंही तेच होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला ‘मेलेला’ हब रॉकेलनं धुऊन तेल दिल्यावर जिवंत होतो तो यामुळेच. कवचावर मॉडेलशेजारी वर्षाचे दोन आकडे कोरलेले असतात. ते हबचं वय सांगतात, सायकलचं नव्हे. चाक कधी बदललेलं असेल ते फ्रेम सांगत नाही.

आता कॉटर. प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. कॉटर नट आवळून बसत नाही, ही गोष्ट मनावर ठसली पाहिजे. तो ठोकून किंवा प्रेसनं दाबून बसतो आणि नट त्याला फक्त धरून ठेवतो. नटानंच ओढायला गेलं की बारीक आटे उडतात, आणि सैल कॉटरवर काही दिवस चालवलं की क्रँकचं भोक लांबट होतं. मग नवा कॉटरही टिकत नाही.

काढताना क्रँकच्या खाली जाड नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवावा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर जात नाही. नट कॉटरच्या टोकाशी समतल ठेवून एकच जोरदार घाव घालावा. दहा हलके घाव फक्त टोक पसरवतात, आणि पसरलेलं टोक क्रँकमधून निघत नाही. बसवताना दोन्ही कॉटर परस्परविरुद्ध बाजूंनी घालायचे: दोन्ही क्रँक आडवे असताना एकाचा नट वर, दुसऱ्याचा खाली. दोन्ही एकाच बाजूनं घातले तर क्रँक एका सरळ रेषेत राहत नाहीत, थोडा कोन पडतो, आणि कारण न कळता एक पाय दुखत राहतो. 9.5 मिमीच्या भोकात 9 मिमीचा कॉटर आरामात जातो आणि काही दिवसांत खेळू लागतो, म्हणून व्हर्नियरनं मोजूनच घ्यावा. पहिल्या 40–50 किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून नट आवळावा.

बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकची धुरी जिथे फिरते त्या नळीची, उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेनं फिरवली की सुटते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे आट्यांची जाडी. नेहमीच्या ब्रिटिश वाटीला इंचाला 24 आटे, रॅली कंपनीच्या पुष्कळ जुन्या सायकलींना 26, आणि व्यास जवळपास सारखाच. त्यामुळे चुकीची वाटी दोन-तीन फेरे गोडीगुलाबीनं जाते आणि अडकते. तिथे पाना लांब करून जोर लावला तर फ्रेमचेच आटे कापले जातात. आटे मोजायची पट्टी नसेल तर दोन वाट्यांचे आटे एकमेकांत टेकवून उजेडात धरा. जुळत नसतील तर लगेच फट दिसते. छर्रे पाव इंची, प्रत्येक बाजूला 11, सुटे. पिंजऱ्यातले छर्रे संख्येनं कमी असतात, म्हणून सुटेच घातलेले बरे.

टायरच्या बाबतीत 26 या आकड्यावर भरवसा ठेवू नये. 26 × 1⅜ ची रिम साधारणपणे 590 मिमीची, 26 × 1¼ ची 597, 26 × 1½ ची 584, आणि माउंटन बाइकची 559. टायरवर छापलेला मिमीचा आकडाच पाहावा. 597 चा टायर 590 च्या रिमवर हातानं सहज चढतो आणि बसवणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. पण 7 मिमीच्या व्यासाचा अर्थ घेरात 22 मिमीचा ढिलेपणा. हवा भरली की टायरची कड रिमवरून सुटते आणि ट्यूब फुटते. तशीच नजरेत न येणारी दुसरी गोष्ट आऱ्यांची: पुढे 32, मागे 40. मागची रिम घेताना आधी हबची भोकं मोजा.

रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला, वरच्या दिशेनं ओढले जातात. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं हललं तरी चालतं, वर-खाली उसळलं तर लगेच झटका बसतो. आरे आवळताना उंचीकडे आधी बघावं. क्रोमची रिम ओली झाली की पकड खूप कमी होते आणि थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. नऊ महिन्यांत गुटके एकदा बदलले. ओल्या रस्त्यावर ही सायकल वेगात चालवण्यासारखी नाही, आणि या एका बाबतीत तिचं कौतुक करता येत नाही.

सीटपोस्ट दर तीन महिन्यांनी काढून पुसून, ग्रीस लावून परत घालावा. सीट ट्यूबमधून उतरणारं पाणी थेट बॉटम ब्रॅकेटमध्ये जाऊन बसतं. तळाला आधीपासून भोक असेल तर तारेनं ते मोकळं ठेवा.