शाळेतली पाळीची पेटी: घ्यावी, पण माळ बदलून

सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी 'पाळी समजून घ्या' अशा धर्तीच्या पेट्या हल्ली कोल्हापुरातल्या शाळांत दिसू लागल्या आहेत. बनवणारे वेगवेगळे, पण आतला माल बहुतेक सारखाच: गर्भाशय शिवलेला कापडी एप्रन, २८ मण्यांची माळ, तीन-चार तऱ्हेची पॅड, पाळीत वापरायचा एक कप आणि एक पुस्तिका. आम्ही पाहिलेल्या पेटीबद्दल आधीच सांगून टाकतो: एप्रन आणि पॅडचे नमुने यांत पैसे वसूल होतात, पुस्तिका अर्धी कामाची आहे, आणि माळ आहे तशी वर्गात काढूच नये.

एप्रन चांगला जाड कापडाचा आहे. बाईंनी अंगावर बांधला की अवयव नेमके कुठे असतात हे शेवटच्या बाकावरूनही कळतं. गर्भाशयाच्या खिशात लाल फ्लॅनेलचं अस्तर आहे आणि ते वेल्क्रोने निघतं, ही कल्पना झकास. पाळी संपल्यावर हे अस्तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतं, मग इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे वाढत वाढत सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत जाड होतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ते धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरकं उतरतात, अस्तर सुटतं, रक्ताबरोबर बाहेर येतं. एवढं सांगताना हाताने वेल्क्रो टर्रकन ओढलं की वर्ग विसरत नाही.

एप्रनमध्ये दोन चुका आहेत. बीजकोश बीजवाहक नळीला थेट शिवून टाकलाय. खरं तर तो नळीला चिकटलेला नसतो, नळीच्या टोकाची झालर बीज टिपून घेते. शिवण उसवून बीजकोश जरा बाजूला टाचला की झालं. दुसरी चूक मोठी: लघवीची जागा कुठेच दाखवलेली नाही. 'पॅड लावल्यावर लघवीला कसं जायचं?' हा मुलींचा हमखास प्रश्न, आणि त्याचं उत्तर लघवीची, पाळीची आणि शौचाची वाट वेगवेगळी असण्यात आहे. फळ्यावर तीन ठिपके काढून ते आधी सांगावं. आकाराचाही खुलासा करावा. एप्रनवरचं गर्भाशय नारळाएवढं आहे. प्रत्यक्षात मोठ्या बाईचंही सात-आठ सेंटिमीटर लांबीचं असतं, बीजकोश तीनेक सेंटिमीटरचा.

आता माळ. २८ मणी, पहिले पाच लाल, चौदावा पिवळा, म्हणजे बीज सुटण्याचा. दिसायला सुबक आहे, पण ज्यांच्यासाठी आणली त्याच मुलींना घाबरवते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची पाळी २८ दिवसांनी येईलच असं नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बऱ्याच चक्रांत बीज सुटतच नाही, म्हणून २१ ते ४५ दिवसांतलं कुठलंही अंतर या वयात चालतं. ज्या मुलीची ३८ दिवसांनी येते ती माळ बघून मनात धरते की आपल्यात काहीतरी बिघडलंय, आणि 'मॅडम, माझी चुकली' असं कुजबुजायला येते. मोठेपणी अंतर साधारण २१ ते ३५ दिवसांवर स्थिरावतं.

चौदाव्या मण्याचाही घोळच. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ सुमारे १४ दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो त्याच्या आधीचा. म्हणजे पिवळा मणी शेवटाकडून मोजायचा. महाद्वार रोडवर सुटे मणी मिळतात. ते आणून २४, ३० आणि ४० मण्यांच्या तीन माळा ओवाव्यात आणि पिवळा मणी अनुक्रमे दहावा, सोळावा, सव्विसावा ठेवावा. तिन्ही एकाखाली एक टांगल्या की मुली स्वतःच म्हणतात, पिवळ्यानंतरचा भाग तेवढाच आहे, आधीचाच लांबतोय. मात्र पिवळा मणी हा अंदाज आहे, हेही तिथेच सांगावं. त्याच्या भरवशावर कुणी काही ठरवू नये.

मोजायचं कसं, हे पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय आणि गोंधळ तिथेच होतो. बऱ्याच मुली रक्त थांबल्यापासून मोजतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. ३ जुलैला आली आणि पुढची ५ ऑगस्टला, तर चक्र ३३ दिवसांचं. घरातल्या कॅलेंडरवर बारीक फुली मारली तरी पुरे.

पॅडच्या नमुन्यांसोबत निळं पाणी ओतून दाखवायची सूचना आहे. पाणी भुर्रकन शोषलं जातं, पाळीचं रक्त दाटसर असतं. त्यापेक्षा साखरेच्या पाकात लाल रंग घालावा आणि पाच मिलिलिटरच्या चमच्याने मोजून ओतावा. एका पाळीत एकूण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सहा ते आठ चमचे, तेही दोन ते सात दिवसांत मिळून. 'अंगातलं सगळं रक्त जातंय' ही भीती तिथेच मोडते. ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं तर मात्र ते जास्तच. नंतर कात्रीने पॅड कापून आतले जेलचे दाणे दाखवा. खालचं प्लास्टिक बघितलं की ते संडासात का टाकायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं. डाग कमी दिसला तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं, म्हणजे एसटीने शाळेत येणाऱ्या मुलीला दप्तरात निदान दोन हवीत.

कापडी पॅडबद्दल पुस्तिका फार गोड बोलते. वस्तू चांगली आहे, पण थंड पाण्यात आधी भिजवायचं (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), साबणाने धुऊन थेट उन्हात वाळवायचं, हे सगळं जमलं तर. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात आठवडाभर ऊन दिसत नाही. घरात दारामागे ओलसर ठेवलेलं कापड पुन्हा वापरलं की खाज आणि संसर्ग आलाच. त्या दोन महिन्यांत विकतचं पॅड बरं, नाहीतर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करून घ्यावं. कप या वयात नुसता दाखवण्यापुरता ठीक.

'शरीरातली घाण बाहेर पडते' असं पुस्तिकेत एका पानावर छापलंय. त्यावर सरळ कागद चिकटवावा. पाळीतल्या शिवाशिवीविरुद्ध पुस्तिकेत इतकं लिहून शेवटी हेच शिकवायचं असेल तर बोलायलाच नको.

दुखण्याचं पानही कच्चं आहे. अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनामुळे गर्भाशय आवळतं, म्हणून कळा येतात. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, तीही काहीतरी खाऊन, कळ वाढायच्या आत. डॉक्टरांकडे कधी जायचं याची यादी पेटीत नाही, ती शिक्षकांनी भिंतीवर लावावी: पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी नाही, तीन महिने खंड, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, दुखण्यापायी शाळा बुडणं.

नवरात्राचा मुद्दाही कुठे नाही, आणि या गावात तो हवाच. अंबाबाईच्या दर्शनासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणून मुलीला दिली जाते. ती अपेक्षित तारखेच्या आधी काही दिवस सुरू करायची असते. जिची तारीखच अजून ठरलेली नाही तिचा हिशेब कसा लावणार? मधेच डाग सुरू होतात आणि घरचे आणखी घाबरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही याच तासाला सांगून टाकावी: जेवणानंतर घ्यायची, लगेच चहा नको, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो पंडुरोग.

पुस्तिका फक्त मुलींना धरून लिहिली आहे. तास मात्र मुलग्यांसकट घ्यावा, आणि सहावीतच. बऱ्याच जणींची पाळी आठवीच्या आत सुरू झालेली असते. नमुन्याची पॅड एका तासात संपतात आणि पेटीवाले ती वेगळी देत नाहीत. जनऔषधी दुकानात सुविधा पॅड २०१९ पासून एका रुपयाला एक मिळतं; कापून दाखवायला तेच आणावं.